संकरित फळाचे बी : एक अभ्यासपाठ

उत्तम फळ खाऊन झाले की त्याचे बी जपून ठेवायचे आणि पावसाळा लागताच परसात पेरायचे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. फळ जितके दुर्मिळ, तितके त्याचे बी मोलाचे, अशी त्यामागील समजूत. या रीतीत जिव्हाळा आहे आणि काटकसरही आहे. परंतु ते फळ संकरित जातीचे असेल, तर त्याच्या बियेतून तेच फळ पुन्हा मिळेल याची शाश्वती नसते. बहुधा ते मिळतच नाही. असे का होते, आणि तरीही संकरित फळाचे बी पेरण्यात अर्थ आहे काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

हा विचार केवळ परीक्षेपुरता नाही. आमच्या वसतिगृहात राहणारे बहुसंख्य विद्यार्थी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरांतून आलेले आहेत. ज्याच्याजवळ एक-दोन एकरच जमीन आहे, त्याने संकरित जातीचे म्हणून बियांपासूनची रोपे लावली आणि सात-आठ वर्षांनी झाडांना आंबट, धागेदार फळे लागली, तर त्याचे पैसे कदाचित पुन्हा मिळवता येतील; परंतु गेलेली वर्षे परत येणार नाहीत. म्हणून बी आणि कलम यांतील भेद आमच्या विद्यार्थ्यांना नेमका ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

संकर म्हणजे काय?

गुणांनी भिन्न असलेल्या, परंतु परस्परांशी जवळचे नाते असणाऱ्या दोन झाडांपैकी एकाचा पराग दुसऱ्याच्या फुलातील स्त्रीकेसरावर पडून जे बी तयार होते, ते संकरित बी होय. निसर्गात ही क्रिया वारा, माश्या, भुंगेरे यांच्या साहाय्याने नित्य चालू असते. मनुष्य जेव्हा आई आणि बाप हेतुपूर्वक निवडून ती घडवून आणतो, तेव्हा तो नियोजित संकर ठरतो.

आंब्याचे उदाहरण घेऊ. हापूसची चव सर्वमान्य आहे; परंतु त्याच्या गरात साका पडतो आणि झाड बहुधा एका वर्षाआड भरघोस फळते. दक्षिणेकडील नीलम हा आंबा मात्र नियमित फळणारा आहे. या दोहोंचे गुण एकत्र यावेत या हेतूने कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करण्यात आला. त्यातून निवडलेली 'रत्ना' ही जात १९८१ साली प्रसारित झाली. तिच्या फळात साका आढळत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून अत्यंत पातळ कोय असलेली 'सिंधू' ही जात निघाली. ती १९९२ साली प्रसारित झाली.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील काम याहूनही बोधप्रद आहे. तेथे दशहरी आणि नीलम या दोन जातींचा संकर दोन्ही दिशांनी करण्यात आला. नीलम आई आणि दशहरी बाप असलेल्या संकरातून 'मल्लिका' मिळाली; दशहरी आई आणि नीलम बाप असलेल्या संकरातून 'आम्रपाली' मिळाली. मल्लिकेचे फळ मोठे असते. आम्रपालीचे फळ लहान, परंतु झाड ठेंगणे आणि नियमित फळणारे. ते अडीच मीटर अंतरावर लावता येत असल्याने एका हेक्टरात १,६०० झाडे बसतात. वैशालीच्या ज्या आम्रपालीने आपले आम्रवन भगवान बुद्ध आणि भिक्खुसंघ यांना दान दिले, तिचे स्मरण या नावाने सहजच होते. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, दोन्ही जातींचे मायबाप तेच आहेत; तरीही संतती इतकी भिन्न निपजली.

एका बियेतील शक्यता

ही भिन्नता कोठून येते, हे साध्या गणिताने समजते. आंब्याच्या प्रत्येक पेशीत ४० गुणसूत्रे, म्हणजे गुणसूत्रांच्या २० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून, तर दुसरे बापाकडून आलेले असते. परागकण किंवा अंडपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतील कोणते तरी एकच गुणसूत्र पुढे जाते. म्हणजे पहिल्या जोडीसाठी दोन शक्यता, दुसरीसाठी दोन, असे करीत २० वेळा २ ने गुणावे लागते. उत्तर येते १०,४८,५७६. जोडीतील गुणसूत्रांची आपापसांत जी देवाणघेवाण होते, ती हिशेबात न धरताही एक झाड दहा लाखांहून अधिक प्रकारचे परागकण निर्माण करू शकते. बीज तयार होताना दुसऱ्या बाजूलाही इतक्याच शक्यता असतात.

रत्ना आंब्याच्या झाडात नीलमचे आणि हापूसचे गुण एका विशिष्ट जुळणीने एकत्र आले आहेत. ती जुळणी त्या एका झाडाची आहे. त्याची कोय पेरली की ही जुळणी मोडते आणि नवी मांडली जाते. शिवाय त्या कोयीचा बाप कोण, हेही आपणांस ठाऊक नसते. आसपास त्या सुमारास मोहोरलेले कोणतेही आंब्याचे झाड तो असू शकते. दशहरीसारख्या काही जातींना तर स्वतःच्याच परागाने फळधारणा होत नाही. तेव्हा दशहरीच्या प्रत्येक कोयीत दुसऱ्या जातीचा अंश असणारच. बियांपासून वाढलेल्या आपल्या रायवळ आंब्यांत एका बांधावरील झाडाची चव दुसऱ्या बांधावरील झाडाला का नसते, याचे उत्तर यातच आहे.

सीताफळाचा दूरदेशी संकर

आंब्याच्या तुलनेने आपल्याकडे दुर्मिळ, परंतु अभ्यासास फार सोयीचे असे संकरित फळ म्हणजे अटेमोया. सीताफळ हे त्याचे एक जनक. ते उष्ण प्रदेशात, माळरानावर, हलक्या जमिनीतही तग धरते. दुसरे जनक चेरिमोया. ते दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या थंड उतारांवरील फळ. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मायामी येथील प्रयोगक्षेत्रावर पी. जे. वेस्टर या उद्यानतज्ज्ञाने १९०८ साली या दोहोंचा संकर केला. सीताफळाचे 'आते' हे मेक्सिकोतील जुने नाव आणि चेरिमोयातील 'मोया' हा अंश जोडून 'अटेमोया' हा शब्द तयार झाला.

सीताफळ पिकले की त्याचे डोळे सुटे होतात आणि फळ हातात फुटते. त्यामुळे ते दूरच्या बाजारी नेणे कठीण जाते. अटेमोयाचे फळ पिकल्यावर असे सुटे होत नाही. गर अधिक आणि बिया तुलनेने कमी असतात. बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने अटेमोयाची 'आयलंड जेम' आणि सीताफळाची 'मॅमथ' या जातींच्या संकरातून 'अर्का सहान' ही जात विकसित केली. अतिशय गोड आणि कमी बियांचे फळ म्हणून ती ओळखली जाते.

या कुळातील फुलांची रचना विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावी. सीताफळाच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. परंतु ते एकाच वेळी पक्व होत नाहीत. अटेमोयाचे फूल दुपारी दोन ते चारच्या सुमारास उमलते, तेव्हा ते स्त्री-अवस्थेत असते आणि स्त्रीकेसर चिकट असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच फूल पुरुष-अवस्थेत जाते आणि पराग सोडते. म्हणून फुलाला आपला पराग आपल्याला वापरणे सहसा साधत नाही. छोटे भुंगेरे हे काम करतात. ते पुरेसे नसतील, तर कुंचल्याने पराग उचलून नुकत्याच उमललेल्या फुलावर लावावा लागतो. सीताफळाचा प्रत्येक डोळा हा स्वतंत्र स्त्रीकेसरापासून बनलेला असतो. ज्या बाजूस पराग पोहोचला नाही, ती बाजू खुरटते आणि फळ वाकडे होते. वाकडे सीताफळ दिसले की त्याच्या फुलाचे परागीभवन अपुरे राहिले असावे, असा तर्क करावा.

आईचीच प्रतिकृती देणाऱ्या बिया

बियेतून कधीच आईसारखे झाड येत नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये. आंब्याच्या बहुसंख्य भारतीय जाती, उदाहरणार्थ हापूस, केसर, दशहरी, नीलम, या एकभ्रूणी आहेत. त्यांच्या कोयीत एकच भ्रूण असतो आणि तो पराग व अंडपेशी यांच्या मीलनातून झालेला असतो. याउलट पश्चिम किनाऱ्यावरील ओलूर, कुरुक्कन, वेल्लाईकोलंबन यांसारख्या काही जाती आणि आग्नेय आशियातील अनेक जाती बहुभ्रूणी आहेत. त्यांच्या एका कोयीतून दोन, तीन किंवा अधिक कोंब फुटतात. यांतील बहुतेक कोंब परागाशिवाय, थेट आईच्या ऊतीपासून तयार झालेले असतात. म्हणून ती रोपे गुणांनी आईसारखीच निपजतात. लिंबूवर्गीय फळांच्या अनेक जातींतही हा प्रकार आढळतो. कोकमाच्या कुळातील मँगोस्टीनचे बी तर फलनाशिवायच तयार होते.

तात्पर्य, बी पेरण्यापूर्वी ते कोणत्या प्रकारचे आहे, हे विचारावयास हवे. रत्ना, सिंधू, मल्लिका, आम्रपाली या संकरित जाती एकभ्रूणी आहेत. त्यांची कोय त्यांची प्रतिकृती देणार नाही.

पेरणीची रीत

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. शालेय अभ्यासासाठी आम्ही तीन फळांची शिफारस करतो. कारण त्यांचा काळ निरनिराळा आहे.

पहिले पपई. आपल्याकडे लावली जाणारी 'रेड लेडी' ही तैवानची संकरित जात आहे आणि शेतकरी तिचे बी किंवा रोपे दर वेळी नव्याने विकत घेतात. या फळातील बी काढून पेरावे. बियेभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण असते आणि ते उगवण रोखते. म्हणून राखेत चोळून, पाण्याने धुऊन, सावलीत सुकवून मगच बी पेरावे. दोन-तीन आठवड्यांत ते उगवते. पाणी साचू देऊ नये, अन्यथा कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. सुमारे वर्षभरात फळे हाती येतात. झाडांची उंची, फळांचा आकार, मादी आणि द्विलिंगी झाडांची संख्या यांत किती फरक पडला, हे एकाच शैक्षणिक वर्षाच्या आसपास पाहता येते.

दुसरे अटेमोया किंवा सीताफळ. याचे बी काळे, टणक कवचाचे असते आणि सुकल्यावरही दीर्घकाळ जिवंत राहते. ते कोमट पाण्यात एक-दोन दिवस भिजवावे किंवा कवच एका बाजूने हलकेच घासावे आणि दोन सेंटिमीटर खोल पेरावे. उगवणीस महिना किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तोवर धीर सोडून माती उकरू नये. तीन-चार वर्षांत फळ दिसू लागते. येथे एक सूचना काटेकोरपणे पाळावी. या बिया विषारी आहेत. त्या फोडू नयेत, चावू नयेत. उवांसाठी त्यांचे चूर्ण केसांना लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ते चूर्ण डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. कवच घासल्यावर हात साबणाने धुवावेत.

तिसरे आंबा. आंब्याच्या कोयीचा स्वभाव सीताफळाच्या बियेहून अगदी उलट आहे. ती सुकली की मरते. म्हणून फळ खाल्ल्यावर कोय स्वच्छ धुवावी, एखादा दिवस सावलीत ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर पेरावी. उन्हात वाळवून पुढील वर्षासाठी ठेवलेली कोय उगवत नाही. बाहेरचे कवच कात्रीने जपून उघडल्यास भुंग्याने पोखरलेले बी आधीच वेगळे करता येते आणि उगवणही लवकर होते. बी मातीत ठेवताना फुगीर कड वर आणि पोटाची कड खाली ठेवावी. आंब्याचे सोटमूळ झपाट्याने खाली जाते. तेव्हा उंच पिशवी घ्यावी, तीत गाळाची माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरावे, बुडाशी भोके ठेवावीत. दोन-तीन आठवड्यांत तांबूस पानांचा कोंब वर येतो. बियांपासूनच्या आंब्यास फळ येण्यास साधारणतः पाच ते आठ वर्षे, कधी त्याहून अधिक काळ लागतो.

प्रत्येक रोपास क्रमांक द्यावा आणि तो पत्र्याच्या पट्टीवर कोरून झाडास सैलसर बांधावा. नोंदवहीत पुढील गोष्टी लिहाव्यात : बी कोणत्या झाडाचे, बाप माहीत की अज्ञात, पेरणीची व उगवणीची तारीख, कोयीतून निघालेले कोंब, पहिला मोहोर किंवा पहिले फूल, फळांची संख्या, वजन, चव आणि टिकाऊपणा. पहिल्या वर्षीच्या फळावरून झाडाचा निवाडा करू नये. किमान तीन हंगाम पाहावेत.

कलम कशासाठी, बी कशासाठी

जिथे उपजीविकेचा प्रश्न आहे, तिथे कलमच लावावे. कलम म्हणजे निवडलेल्या झाडाच्या फांदीचा तुकडा दुसऱ्या रोपाच्या खुंटावर जोडणे. वरची फांदी मूळ झाडाचाच भाग असल्याने फळात बदल होत नाही, आणि फळही लवकर मिळते. आंब्यात कोय उगवून आलेल्या अगदी कोवळ्या रोपावरच कलम बांधतात. त्यास कोयकलम म्हणतात. सीताफळ व अटेमोयासाठी सीताफळाचे किंवा रामफळाचे रोप खुंट म्हणून वापरता येते. रोपवाटिकेतून संकरित जातीचे झाड घेताना कलमाचा सांधा डोळ्यांनी पाहावा, मातृवृक्ष कोठला ते विचारावे, आणि पावती घ्यावी. सांधा नसेल तर ते बियांपासूनचे रोप आहे, असे समजावे.

मग बी कशासाठी पेरावे? पहिले कारण असे की, आज ज्यांची कलमे आपण करतो, त्या प्रत्येक जातीचे पहिले झाड कधी काळी एका बियेतूनच उगवले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात गोरमाळे येथील एका शेतकऱ्याने आपल्याच बागेतील झाडांतून निवड करून सीताफळाची 'एनएमके-१ (गोल्डन)' ही जात पुढे आणली, आणि आज ती अनेक राज्यांत लावली जाते. तिच्या मुळाशी बारकाईने पाहणारी नजर आणि वर्षानुवर्षांची निवड आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास स्वतः विकसित केलेल्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे. बांधावरच्या एखाद्या झाडात असामान्य गुण दिसले, तर त्याचे श्रेय आणि त्याचा लाभ त्या कुटुंबाकडेच राहावा, यासाठी हा कायदा आमच्या विद्यार्थ्यांना माहीत असणे आवश्यक आहे.

दुसरे कारण वैविध्याचे. हापूसच्या हजारो कलमांची बाग ही गुणसूत्रांच्या दृष्टीने एकाच झाडाची पुनरावृत्ती असते. जो रोग एका झाडास सहज ग्रासतो, तो सर्वांस ग्रासू शकतो. रायवळ झाडे मात्र प्रत्येकी निराळी असतात. कोणते झाड दुष्काळ सोसेल, कोणते उशिरा मोहोरून अवकाळी पावसातून वाचेल, हे त्यांच्यात दडलेले असते. रस्तारुंदीत आणि बांध फोडताना अशी झाडे तुटतात, तेव्हा त्यांच्यासारखे दुसरे झाड कोठेही उरत नाही.

तिसरे कारण असे की, यात काहीच वाया जात नाही. बियांपासूनच्या रोपांपैकी बहुतेक सामान्य निघतील, ही अपेक्षा मनाशी ठेवूनच पेरावे. परंतु सामान्य फळ देणारे झाड उत्तम खुंट ठरू शकते. त्याच्याच खोडावर पुढे चांगल्या जातीची फांदी जोडता येते.

'संकर' या शब्दाविषयी

आमच्यासारख्या शाळेत हा पाठ शिकवताना एका शब्दापाशी थांबणे आवश्यक वाटते. जुन्या धर्मग्रंथांत 'वर्णसंकर' हा शब्द भयाचा आणि निंदेचा म्हणून आला आहे. मिश्रणाने अधःपात होतो, ही समजूत शतकानुशतके माणसांच्या पंक्ती, विहिरी आणि विवाह वेगळे ठेवण्यासाठी वापरली गेली. फळबागेत मात्र 'संकरित' हा शब्द रोपवाटिकेच्या फलकावर अभिमानाने लिहिला जातो. वनस्पतींच्या नियमांवरून मानवी समाजाचे न्याय ठरवू नयेत, असे आमचे मत आहे. समतेचा पाया माणसाच्या प्रतिष्ठेत आहे आणि तिला झाडांच्या साक्षीची गरज नाही. तथापि मिश्रण म्हणजे ऱ्हास, हा जो निसर्गनियम म्हणून सांगितला गेला, तो निसर्गाचा नियम नाही, एवढे तरी विद्यार्थ्याने या पाठातून निश्चित शिकावे. आई आणि बाप सांगितल्याने झाडाचे भविष्य पुरते सांगता येत नाही. मल्लिका आणि आम्रपाली यांच्याकडे पाहून हे कोणालाही पटेल.

समारोप

पाचवीत आलेल्या विद्यार्थ्याने त्याच वर्षी अटेमोयाचे बी पेरले, तर दहावीची परीक्षा देण्यापूर्वी तो त्याचे फळ बहुधा चाखू शकेल. त्याच दिवशी पेरलेल्या आंब्याचे फळ मात्र कदाचित त्याच्या मागून येणारी मुले खातील. म्हणूनच नोंदवही नीट लिहिणे हे या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचे काम होय. पेरणारा विद्यार्थी निघून गेला, तरी झाड कोणत्या बियेचे, केव्हाचे आणि कशासाठी लावलेले, हे पुढच्या तुकडीस समजले पाहिजे. ते समजले नाही, तर इतक्या वर्षांची राखण केवळ सावलीपुरती उरेल. या स्मरणिकेचे वाचक आणि आमचे माजी विद्यार्थी यांना आमची विनंती आहे की, आपल्या गावी विशेष गुणाचे एखादे रायवळ झाड असेल, तर त्याची माहिती आणि चार कोयी ताज्या असतानाच शाळेकडे पोहोचवाव्यात. त्यांची नोंद ठेवून त्या पेरण्याचे काम आमचे विद्यार्थी आनंदाने करतील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सीताफळ आणि अटेमोया यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या ७ जोड्या असतात. अशा एका झाडापासून किती प्रकारचे परागकण संभवतात? आंब्याशी तुलना करा.
२. आंब्याच्या एका कोयीतून तीन कोंब आले. त्यावरून आपण कोणता तर्क कराल आणि तो कसा तपासून पाहाल?
३. आपल्या घरच्या शेतावर दहा आंब्याची झाडे लावावयाची आहेत. त्यांपैकी किती कलमांची आणि किती बियांची लावाल? कारणे द्या.